तालुक्याच्या कॉलेजात चार्ज ऑर्डरिंग: थरदार निकेलेट तयार करण्यापासून २४० केल्विनच्या वळणापर्यंत

थरदार ऑक्साइडमधले चार्ज ऑर्डरिंग, म्हणजे थंड केल्यावर विद्युत्‌भार अणूंच्या जाळीत ठरावीक ओळींत लागणे, हा विषय मोठ्या संस्थांचा समजला जातो. न्यूट्रॉन, सिंक्रोट्रॉन, द्रवरूप हेलियम ही नावे ऐकली की तालुक्याच्या कॉलेजातला एमएस्सीचा विद्यार्थी प्रकल्पासाठी दुसरे काहीतरी निवडतो. पण संयुग नीट निवडले तर हे अवस्थांतर मफल भट्टी, ब्युरेट, पीटी-१०० (प्लॅटिनमचा रोध-तापमापक) आणि पाच लिटर द्रवरूप नायट्रोजन यांवर दिसते. या यादीत ब्युरेट सर्वांत महत्त्वाचे आहे. का, ते टायट्रेशनच्या भागात येईलच.

कोणते संयुग घ्यायचे

लॅन्थॅनम-बेरियम क्युप्रेटमधले चार्जचे पट्टे ५५ केल्विनच्या आसपास येतात. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनलाच थांबतो, म्हणून ते बाद. ल्युटेशियम फेराइटचे, म्हणजे ल्युटेशियम १, लोह २, ऑक्सिजन ४ या संयुगाचे संक्रमण ३२० केल्विनला, म्हणजे ४७ अंश सेल्सिअसला होते. उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा त्याच्या जवळपास जातो. मात्र ते बनवताना भट्टीत ऑक्सिजनचा दाब फार कमी आणि काटेकोर ठेवावा लागतो, साध्या हवेत ते तयारच होत नाही. अर्धा लॅन्थॅनम आणि दीड स्ट्रॉन्शियम असलेले थरदार मँगनाइट २२० केल्विनच्या आसपास क्रमबद्ध होते. ते चांगले आहे, पण त्याला जास्त तापमानाची भट्टी लागते. भंडारा-नागपूर पट्ट्यात पायाखालीच मँगनीज आहे आणि डोंगरी बुजुर्गला मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीचा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखानाही आहे. म्हणून मँगनाइट घ्यायचा मोह होतो. तो आवरा. खाणीतला माल प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा नसतो, आणि रसायन शेवटी बाटलीतूनच घ्यायचे आहे.

उरते ते निकेलेट: लॅन्थॅनम ५/३, स्ट्रॉन्शियम १/३, निकेल १, ऑक्सिजन ४. ते हवेत बनते आणि त्याचे चार्ज ऑर्डरिंग २४० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे ३३ अंश सेल्सिअसला होते. पुढे सुमारे १९० केल्विनला निकेलचे स्पिनही, म्हणजे अणूंची चुंबकीय दिशाही, क्रमाने लागतात.

आत घडते ते असे. स्ट्रॉन्शियम नसलेल्या निकेलेटात सगळा निकेल +२ असतो. +३ लॅन्थॅनमच्या जागी +२ स्ट्रॉन्शियम बसला की दर स्ट्रॉन्शियममागे एक होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, तयार होतो. आपल्या प्रमाणात तीन निकेलमागे एक होल येतो. तापमान जास्त असते तेव्हा हे होल निकेल-ऑक्सिजनच्या थरात हलत राहतात. २४० केल्विनच्या खाली ते तिरक्या ओळींत स्थिरावतात आणि दर तिसरी ओळ होलची होते, शेतात कपाशीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ धरावी तशी. ओळी थिजल्या की विद्युत्‌वहन अवघड होते आणि रोधकता झपाट्याने चढू लागते. आपण पकडायचे आहे ते चढ बदलण्याचे ठिकाण.

होलांची संख्या एक तृतीयांशावर असेल तरच ओळी जाळीच्या अंतराशी नेमक्या जुळतात आणि संक्रमण ठळक दिसते. ही संख्या स्ट्रॉन्शियम एकटा ठरवत नाही. जाळीत ऑक्सिजन जास्तीचा शिरला तर त्याचा प्रत्येक अणू दोन होल देतो. दर निकेलमागच्या या जास्तीच्या ऑक्सिजनला डेल्टा म्हणू. म्हणजे होल = स्ट्रॉन्शियमचे प्रमाण + २ × डेल्टा. डेल्टा नुसता ०.०२ झाला तरी होल ०.३३ वरून ०.३७ वर जातात. रोधकतेत वळण दिसले नाही की क्रायोस्टॅटला, म्हणजे नमुना थंड करण्याच्या मांडणीला, दोष दिला जातो. चूक बहुतेक वेळा वजनकाट्यावर किंवा भट्टी थंड करण्यात झालेली असते.

वजन, आणि कूलरचे वैर

५ ग्रॅम निकेलेटसाठी:

लॅन्थॅनम ऑक्साइड: ३.५४०७ ग्रॅम
स्ट्रॉन्शियम कार्बोनेट: ०.६४१७ ग्रॅम
निकेल ऑक्साइड: ०.९७४१ ग्रॅम

तिन्ही ९९.९ टक्के किंवा त्याहून शुद्ध घ्या. बेरीज ५.१५६५ ग्रॅम येते. भट्टीत कार्बन डायऑक्साइडचे ०.१९१ ग्रॅम उडून जातात आणि हवेतून ०.०३५ ग्रॅम ऑक्सिजन आत येतो, म्हणून शेवटी ५ ग्रॅम उरतात. क्रुसिबलचे आधीचे आणि नंतरचे वजन लिहून ठेवले तर क्रिया पूर्ण झाली की नाही याचा पहिला अंदाज तिथेच मिळतो.

खरा त्रास लॅन्थॅनम ऑक्साइडचा. ते हवेतले पाणी ओढून हायड्रॉक्साइड बनते, आणि पूर्ण बनले तर वजन १६.६ टक्क्यांनी वाढते. उघडी बाटली पावसाळाभर कपाटात राहिली असेल तर तुम्ही ३.५४ ग्रॅम मोजता खरे, पण त्यात लॅन्थॅनम बराच कमी असतो. मग निकेल ऑक्साइड शिल्लक राहते आणि स्ट्रॉन्शियमचे प्रमाण वर सरकते. उपाय ठरलेला आहे. वजन करण्याच्या आदल्या रात्री लॅन्थॅनम ऑक्साइड ९०० ते १००० अंशांवर १२ तास तापवा. भट्टी २०० अंशांवर आली की लगेच डेसिकेटरमध्ये ठेवा, आणि गार होताच मोजा. दुपारपर्यंत थांबू नका.

विदर्भाचा उन्हाळा कोरडा असल्याने हे काम एप्रिल-मेमध्ये सोपे जायला हवे. पण तेव्हाच प्रयोगशाळेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर सुरू असतो, आणि तो खोलीत पाणीच फेकतो. वजन करताना कूलर बंद ठेवा. काट्याचा चौथा दशांशही त्याच्या वाऱ्याने नाचतो. पंखाही बंद. उकाडा सोसवत नसेल तर सकाळी सातला वजन उरका.

स्ट्रॉन्शियम कार्बोनेट २०० अंशांवर चार तास वाळवा. निकेल ऑक्साइड हिरवे असेल तर उत्तम. काळे असेल तर त्यात ऑक्सिजन जास्तीचा आहे असे समजा, ते ९०० अंशांवर तापवून हिरवट करून घ्या. निकेल ऑक्साइडची धूळ श्वासात जाणे कर्करोगाला आमंत्रण आहे. म्हणून कोरडे घोटू नका, एन-९५ मास्क लावा आणि खलाचे धुवण नाल्यात न सोडता वेगळ्या डब्यात साठवा.

घोटणे आणि भाजणे

अगेटच्या खलात अ‍ॅसिटोन घालून पाऊण ते एक तास घोटा. अ‍ॅसिटोन उडाला की पुन्हा घाला. चिनी मातीचा खल वापरू नका, तो झिजून सिलिका मिसळते. रंग सगळीकडे सारखा राखाडी-हिरवा झाला पाहिजे, पांढरा ठिपका कुठेही दिसता कामा नये.

पहिली भाजणी अ‍ॅल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये १००० अंशांवर १२ तास. काढून पुन्हा अर्धा तास घोटा. दुसरी ११०० अंशांवर २४ तास. पुन्हा घोटा. आता पूड काळी झालेली असते. १३ मिमीच्या डायमध्ये १ ग्रॅम पूड घालून ३ टनांचा दाब द्या आणि दोन मिनिटे धरा. जोर जास्त लावला तर पेलेट (दाबलेली गोळी) जास्त घट्ट होईल असे वाटते, पण आतली हवा कोंडते आणि वरची चकती टोपीसारखी सुटते. पेलेट त्याच पुडीच्या पातळ थरावर ठेवा, थेट अ‍ॅल्युमिनावर नको. मग १३०० अंशांवर २४ तास. चढवताना मिनिटाला ३ ते ५ अंश, उतरवताना मिनिटाला १ अंश. ८०० ते ४०० अंशांच्या टप्प्यात तर घाई मुळीच नको, कारण ऑक्सिजन याच टप्प्यात आत स्थिरावतो.

या टप्प्यावर लाइन जाते. रात्री डीपीवर लोड कमी असला तरी पावसाळ्यात भरवसा नाही. भाजणीच्या मधेच वीज गेली तर फारसे बिघडत नाही. क्रिया घन अवस्थेतली आहे, वीज आली की उरलेले तास पूर्ण करा. कंट्रोलरमध्ये वीज आल्यावर पुढे चालू राहण्याची सोय असेल तर ती आधीच लावून ठेवा, नाहीतर तो शून्यापासून सुरू होतो. उतरत्या टप्प्यात वीज गेली तर मात्र नमुना भरभर गार होतो आणि डेल्टा बदलतो. तेव्हा पेलेट ९०० अंशांपर्यंत पुन्हा चढवून सावकाश उतरवा.

व्होल्टेज पडणे हा वेगळाच त्रास. भट्टीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर शक्ती ६८ टक्केच उरते. भट्टी १२२० अंशांवर अडकून बसते आणि विद्यार्थी कंट्रोलर बिघडला समजतो. आधी मल्टिमीटरने सॉकेट तपासा.

भट्टी कांथल तारेची, १२०० अंशांपर्यंतच जाणारी असेल तर सायट्रेट मार्ग घ्या. तापवलेले लॅन्थॅनम ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियम कार्बोनेट पातळ नायट्रिक आम्लात विरघळवा आणि त्यात निकेल नायट्रेट घाला. निकेल नायट्रेटच्या बाटलीवर सहा पाणी लिहिलेले असले तरी तेवढेच असेल असे नाही. त्याचे द्रावण ईडीटीए-म्युरेक्साइडने प्रमाणित करून घ्या. ५ ग्रॅमसाठी सायट्रिक आम्ल (मोनोहायड्रेट) १२.३ ग्रॅम, म्हणजे एकूण धातूंच्या दीडपट मोल. ८०-९० अंशांवर आटवा. जेल फुगून पेटते, म्हणून एक लिटरचे बीकर, धुराच्या कपाटात, आणि एका वेळी ५ ग्रॅमच. राख ९०० अंशांवर १२ तास, मग पेलेट ११५० ते १२०० अंशांवर ३६ तास. कण बारीक असल्याने कमी तापमानात जमते. वळण मात्र घन पद्धतीच्या चांगल्या पेलेटपेक्षा किंचित बोथट येते.

एक्सआरडी काय सांगते, काय सांगत नाही

एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण विवर्तन. तांब्याच्या के-अल्फा किरणांवर सर्वांत उंच शिखर २ थीटा ३१.५ अंशांजवळ, ते १०३ चे (हे आकडे जाळीतल्या पातळ्यांचे क्रमांक). ११० चे ३३.०, १०१ चे २४.२, ००४ चे २८.१ आणि २०० चे ४७.४ अंशांजवळ. जाळीचे माप ए सुमारे ३.८३ आणि सी सुमारे १२.७ अँगस्ट्रॉम, रचना पोटॅशियम निकेल फ्लोराइडच्या जातीची टेट्रागोनल.

अशुद्धी ओळखायच्या जागा: निकेल ऑक्साइड ३७.३ आणि ४३.३ अंशांवर, लॅन्थॅनम हायड्रॉक्साइड १५.६ आणि २८ जवळ. निकेल ऑक्साइडचे ४३.३ चे शिखर आपल्याच ४२.७ आणि ४३.९ च्या शिखरांमध्ये दडते, म्हणून ३७.३ वर नजर ठेवा. दिसले तर घोटून आणखी एक भाजणी. तरीही गेले नाही तर लॅन्थॅनम ऑक्साइड ओले होते, नवे वजन करा.

चार्ज ऑर्डरिंग या एक्सआरडीत दिसणार नाही. ओळींमुळे येणारी जादा शिखरे इतकी क्षीण असतात की पावडर यंत्राच्या गोंगाटात ती बुडतात. सरासरी रचना थंड केल्यावरही टेट्रागोनलच राहते. ‘थंड एक्सआरडीत फरक दिसला नाही, म्हणून ऑर्डरिंग नाही’ असे प्रबंधात लिहू नका.

टायट्रेशन

हा भाग गाळून पुढे जाऊ नका. १०० मिलीग्रॅम बारीक पूड स्टॉपरच्या फ्लास्कमध्ये घ्या. उकळून गार केलेले २० मिली डिस्टिल्ड पाणी, दीड ते दोन ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. त्यानंतरच १५ मिली २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. हा क्रम उलटला तर +३ निकेल आयोडाइडऐवजी पाण्यावर आणि क्लोराइडवर खर्च होतो आणि उत्तर कमी येते. सोड्याचा फेस फ्लास्कमधली हवा बाहेर ढकलतो. स्टॉपर लावा, दहा-पंधरा मिनिटे अंधारात ठेवून हलवत राहा. पूड पूर्ण विरली की ०.०१ मोलर थायोसल्फेटने टायट्रेट करा. थायोसल्फेट त्याच दिवशी प्रमाणित केलेले हवे. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च. निळा जाऊन निकेलची फिकट हिरवी छटा उरते, तोच शेवट.

डेल्टा शून्य असेल तर ८.६९ मिली लागतात. डेल्टा ०.०१ असेल तर ९.२१ मिली. म्हणजे साध्या ब्युरेटवरही शंभरांश डेल्टा अर्ध्या मिलीइतका स्पष्ट दिसतो. नमुना न घालता एक कोरे टायट्रेशन करून ते वजा करा. टायट्रेशन तीनदा करा, तिन्ही रीडिंग ०.१ मिलीच्या आत जुळली पाहिजेत. मेच्या दुपारी आयोडीन उडून जाते, म्हणून फ्लास्क बर्फाच्या पाण्यात ठेवा.

होल ०.३२ ते ०.३५ मध्ये आले तर पुढे जा. कमी आले तर पेलेट ऑक्सिजनच्या प्रवाहात ५०० अंशांवर २४ तास ठेवा, मिनिटाला १ अंशाने उतरवा. वेल्डिंगवाल्याचा सिलिंडर चालतो, वायू सिलिका जेलच्या नळीतून सोडा. रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात कधीही लावू नका, ऑक्सिजनमध्ये ते पेटते. होल जास्त आले तर तेच काम नायट्रोजनमध्ये काही तास. प्रत्येक वेळी पुन्हा टायट्रेशन.

रोधकता

पेलेटची घनता आधी मोजा. सैद्धांतिक घनता ६.८४ ग्रॅम प्रति घनसेंमी. ५.५ च्या खाली असेल तर रोधकतेत कणांच्या सीमांचाच वाटा मोठा राहतो आणि वळण झाकले जाते. ८ × २ × १.५ मिमीची पट्टी कापा, चार ठिकाणी सिल्व्हर पेस्टने बारीक तांब्याच्या तारा लावा. बाहेरच्या दोन्हीतून प्रवाह, आतल्या दोन्हींवर व्होल्टेज. पट्टी तांब्याच्या ठोकळ्यावर सिगारेटच्या कागदाचा पडदा ठेवून चिकटवा आणि पीटी-१०० त्याच ठोकळ्यात पट्टीखाली बसवा. २४० केल्विनला पीटी-१०० चा रोध ८७.० ओहम आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये सुमारे २०.३ ओहम दिसायला हवा. ही दोन रीडिंग आधी पडताळा.

द्रवरूप नायट्रोजन विदर्भात वाटतो तितका दुर्मिळ नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांना त्याचा नियमित पुरवठा होतो. दवाखान्याच्या कॅनमधून मागू नका, त्यातल्या रेतमात्रा त्यावरच टिकून असतात. पुरवठादाराचा पत्ता मात्र तिथे मिळतो. कॅनचे बूच कधीही घट्ट बसवू नका. एका लिटरचा वायू सुमारे ७०० लिटर होतो, त्यामुळे बंद जीपमधून नेताना काचा खाली ठेवा आणि बंद खोलीत ओतू नका. सुती हातमोजे घालू नका, द्रव त्यात मुरून कातडीला धरून राहतो.

द्रवरूप नायट्रोजन मिळालाच नाही तर कुटलेला बर्फ आणि कॅल्शियम क्लोराइड हेक्साहायड्रेट यांचे मिश्रण उणे ४० अंशांपर्यंत नेते. वळण जेमतेम ओलांडता येते, त्याच्या खालचा उतार हाती लागत नाही. वर्गात दाखवायला ठीक, प्रबंधाला नाही.

ठोकळा नायट्रोजनच्या पातळीवर धरून सावकाश खाली न्या आणि रीडिंग गरम होताना घ्या, मिनिटाला १ केल्विन किंवा त्याहून कमी. २६० ते २०० केल्विनमध्ये दर अर्ध्या केल्विनला एक रीडिंग. प्रत्येक रीडिंगला प्रवाहाची दिशा उलटून सरासरी काढा, म्हणजे तारांच्या जोडांवरचे औष्णिक व्होल्टेज कटते. खोलीच्या तापमानाला १ मिलिअँपिअर चालतो. थंडीत रोध १०० किलोओहमवर गेला तर तेवढ्या प्रवाहाला १०० व्होल्ट लागतील आणि पट्टीत ०.१ वॅट उष्णता होईल. खाली जाताना प्रवाह १० मायक्रोअँपिअरच्या आत आणा. प्रवाह अर्धा करून रोध तोच येतो का, हे मधूनमधून पाहा.

नुसता रोधकतेचा आलेख काढला तर वळण डोळ्याला दिसेलच असे नाही. रोधकतेचा लॉगॅरिदम १०००/टी समोर मांडा आणि पाच-सात बिंदूंच्या गटाने उतार काढा. उताराच्या आलेखात २४० केल्विनजवळ शिखर येते. तेच तुमचे संक्रमण तापमान.

काय बिघडते

२७३ केल्विनला तीक्ष्ण उडी दिसली तर ते निकेलेट नव्हे, पट्टीवर गोठलेले पाणी आहे. पावसाळ्यात हे हमखास होते. ठोकळ्याभोवतीच्या नळीत सिलिका जेल ठेवा, थंड करण्याआधी अर्धा तास कोरडा नायट्रोजन फिरवा.

शिखर २१०-२२० ला सरकले तर होल एक तृतीयांशावर नाहीत, टायट्रेशन पुन्हा तपासा. शिखर पसरट आले तर स्ट्रॉन्शियम सगळीकडे सारखा मिसळलेला नाही, घोटणे कमी पडले. शिखरच नसेल तर आधी घनता, मग जोड. जोडाचा दोन टोकी रोध चार टोकीपेक्षा शंभरपट असेल तर पेस्ट उखडून पुन्हा लावा.

गरम आणि थंड होतानाचे आलेख वेगळे आले की ‘हिस्टेरिसिस मिळाला’ म्हणून आनंद होतो. दर निम्मा करून पाहा. अंतरही निम्मे झाले तर ती थर्मामीटर आणि पट्टी यांच्यातली दिरंगाई होती. या निकेलेटात मोठा हिस्टेरिसिस अपेक्षितच नाही, इथले संक्रमण जवळजवळ सलग आहे. निओडिमियम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटसारख्या त्रिमितीय संयुगांत १५८ केल्विनजवळ तो खरा आणि ठळक असतो. तिथला अनुभव इथे लावू नका.

रोधकतेचे वळण हा पुरावा आडवळणाचा आहे. ओळी थेट दाखवायच्या तर इलेक्ट्रॉन विवर्तन, न्यूट्रॉन किंवा सिंक्रोट्रॉनच लागतो. विदर्भाला जवळचे ठिकाण म्हणजे इंदूर. तिथे आरआरकॅट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेचा इंडस-२ सिंक्रोट्रॉन आणि यूजीसी-डीएई या संशोधन केंद्राच्या कमी तापमानाच्या सोयी आहेत. विद्यापीठ आणि कॉलेजांना प्रस्ताव पाठवून वेळ मागता येतो. न्यूट्रॉनसाठी मुंबईत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव अणुभट्टी. प्रस्तावात एक्सआरडी, तिन्ही टायट्रेशनची रीडिंग, घनता आणि उताराचा आलेख जोडा. त्यात होलांची संख्या लिहायला विसरू नका, परीक्षक पहिल्यांदा तीच शोधतो. न्यूट्रॉन मागत असाल तर एक गोष्ट आधीच मांडा. एक तृतीयांश होलांवर चार्जची आणि स्पिनची शिखरे एकाच जागी पडतात, त्यामुळे १९० केल्विनच्या वरचे आणि खालचे मोजमाप वेगवेगळे मागावे लागते. नमुना हवाबंद बाटलीत सिलिका जेलसह पाठवा आणि त्याच भाजणीतला एक पेलेट कॉलेजात ठेवा.